मदत हवी आहे: सात भाऊ, नऊ जण आणि एकटा. उत्तर आज रात्री आठच्या आत!

घाईतला_नवरदेव, सायं. ५.१२
लोकहो, पटकन मदत करा. एक कोडं आहे, उत्तर एकाच शब्दाचं.
सात भाऊ तोंड बघत नाहीत. नऊ जण अब्रू राखतात. एकटा हुकला तर नवस फेडतात.
गूगल करून झालं, काही सापडत नाही. आठला फोन येणार आहे. चर्चा नको, फक्त उत्तर द्या.

चिंचगूळ, ५.१९
फोन कोणाचा? तोंड बघत नाहीत ते कोणाचं? आणि कोडं एवढंच आहे की तुम्ही छाटून दिलंय?

ठोंब्या, ५.२१
ग्रह. नऊ म्हणजे नवग्रह. राहू-केतू वगळले की सात उरतात. विषय संपला.

चिंचगूळ, ५.२३
ग्रह अब्रू राखतात? आमचे तर घालवायलाच बसलेत.

अडाणी_पंडित, ५.३०
अनेकार्थी शब्दाचं कोडं दिसतंय. अशा वेळी पहिला संशय 'हरि'वर घ्यावा. अमरकोशात या एका शब्दाचे तेरा अर्थ एका दमात दिलेत: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक. सात भाऊ म्हणजे सूर्याचे सात घोडे. एकटा हुकला तो सिंह. उत्तर: हरि.

ठोंब्या, ५.३२
आणि नऊ बेडूक अब्रू राखतात का?

अडाणी_पंडित, ५.३३
नऊचं बघतो.

माऊची_आई, ५.४०
भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? उत्तर: फिरवलं नाही म्हणून. आमची आजी घालायची हे कोडं.

घाईतला_नवरदेव, ५.४४
अहो ताई, याचं उत्तर कोणी विचारलंय? माझं सांगा ना.
फोन हिच्या आत्याचा. हिच्या म्हणजे होणाऱ्या बायकोच्या. परवा केळवण आहे, उत्तर दिल्याशिवाय पहिला घास नाही म्हणाल्या. त्यांनी ऑडिओ पाठवलाय, मी ऐकून लिहिलं. अजून दोन ओळी आहेत, पण त्या मला सोप्या वाटल्या म्हणून लिहिल्या नाहीत. लावला म्हणून पोर शिकलं, म्हणजे क्लास. पडला नाही म्हणून गोठा जागला, म्हणजे पाऊस.

चिंचगूळ, ५.४७
सोप्या वाटल्या म्हणून!! भाऊ, सगळ्या ओळींचं उत्तर एकच असणार ना? क्लास आणि पाऊस एकच आहेत का? पूर्ण कोडं शब्दन् शब्द टाका बघू.

घाईतला_नवरदेव, ५.५८
घ्या. परत ऐकून लिहिलंय:
सात भाऊ, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
नऊ जण मिळून बाईची अब्रू राखतात.
एकटा आला आणि हुकला, तर आई नवस फेडते.
लावला म्हणून पोर शिकलं.
पडली नाही म्हणून गोठा जागला.
सगळ्यांचं नाव एकच.

रानवाट, ६.०३
पडला की पडली? वर तुम्ही 'पडला' लिहिलं होतं.

घाईतला_नवरदेव, ६.०५
पडली. काय फरक पडतो?

रानवाट, ६.११
सगळाच पडतो. उत्तर 'वार'.
गाय व्याली की वासरामागून वार पडते. काही जण जार म्हणतात. साधारण बारा तासांत पडायला हवी. नाही पडली तर घरातलं कोणीतरी कंदील घेऊन गोठ्यात बसतं. पडली तरी लक्ष ठेवावं लागतं, कारण गाय ती खाऊन टाकते. गेल्या पावसाळ्यात आमची कपिला रात्री नऊला व्याली आणि पहाटेपर्यंत वार लोंबत होती. शेजारचे काका म्हणाले, दगड बांध, वजनाने येईल. डॉक्टरांनी फोनवरच झापलं: बांधायचं नाही, हाताने ओढायची तर मुळीच नाही, आत तुटून राहिली तर सडते. मी येतो, म्हणाले. तुमच्या आत्यांनी गोठ्यात अशा रात्री काढल्या असणार. पुस्तक वाचून अशी ओळ सुचत नाही.

चिंचगूळ, ६.१४
अग्गोबाई! सात वार, सोमवारची आणि मंगळवारची कधी गाठच पडत नाही. नऊ वार म्हणजे लुगडं. एकटा वार म्हणजे तलवारीचा. झकास.

पेठकर, ६.२०
तलवारीवरून आठवलं. प्रतापगडावर, १० नोव्हेंबर १६५९, सय्यद बंडाचा वार महाराजांवर येणार तेवढ्यात जिवा महालाने त्याचा हातच कलम केला. होता जिवा म्हणून वाचला शिवा.

वारकऱ्यांचा_नातू, ६.२६
चौथी ओळ कोणी सोडवलीच नाही. आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सात दिवसांची सात घरं ठरलेली. ते सांगायचे, गुरुवारच्या घरी आमटीत डाळ शोधावी लागे, आणि शनिवारच्या आजी त्यांच्या पानात गुपचूप तुपाची धार जास्त धरायच्या. मंगळवारचं घर बदली होऊन गेलं तेव्हा दोन महिने मंगळवारी चुरमुऱ्यावर काढले.

पेठकर, ६.२९
म्हणजे माधुकरी मागायचे.

वारकऱ्यांचा_नातू, ६.३१
नाही हो. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन दारोदार जायचं, मिळेल ते आणून जेवायचं. वार म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी पानावर बसायचं. आजोबा या फरकावरून भांडायचे.

पेठकर, ६.३२
फरक नावापुरताच. दोन्हीकडे मिंधेपण तेच.

वारकऱ्यांचा_नातू, ६.३४
तुम्ही कधी वार लावून जेवलात का? नाही ना? मग राहू द्या.

अडाणी_पंडित, ६.४०
कोडं सदोष आहे. चार ठिकाणी पुल्लिंगी आणि शेवटी स्त्रीलिंगी. म्हणजे 'तो वार' आणि 'ती वार' हे दोन शब्द झाले. याला शुद्ध श्लेष म्हणता येणार नाही.

रानवाट, ६.४३
पंडितजी, तुमच्या हरीचं लिंग काय?

अडाणी_पंडित, ६.५२
बघितलं. श्लोक असा संपतो: 'हरिर्ना कपिले त्रिषु'. म्हणजे त्या तेरा अर्थांनी पुल्लिंगी, पण पिंगट रंग या अर्थी तिन्ही लिंगांत. कोशकारालाच चालतं म्हटल्यावर मी कोण? आक्षेप मागे घेतो. आत्याबाईंना नमस्कार सांगा.

ठोंब्या, ६.५५
मी ग्रह म्हणालोच होतो. वारांची नावं ग्रहांवरूनच आहेत, राहू-केतू सोडून. माझं अर्धं उत्तर बरोबर धरा.

मीटरमास्तर, ७.०२
एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. नऊ वार ८.२३ मीटर होतात. दोन हातांचा एक वार, म्हणून जुन्या बायका अठरा हात लुगडं म्हणायच्या. दुकानदार आठ मीटर फाडून नऊवार म्हणून विकत असेल तर टेप काढा.

माऊची_आई, ७.०५
यावरून विचारते, शिवलेली नऊवारी घ्यावी का? भाचीच्या मुंजीला हवी आहे. नेसायला तासभर जातो हो.

चिंचगूळ, ७.०८
शिवलेली म्हणजे काष्ट्याचा पायजमा. नेसायला शिका.

घाईतला_नवरदेव, ८.४१
सगळ्यांचे आभार. फोन झाला. 'वार' म्हटल्यावर आत्या दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, पडली नाही तर काय करायचं? मी म्हटलं, ओढायची नाही, दगड बांधायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं. त्या एवढ्या हसल्या की फोन हिच्याकडे गेला. ही म्हणते, आत्याने ओळखलंय की तुला कोणीतरी सांगितलं, कारण तू गाय फक्त कॅलेंडरवर बघितली आहेस.
घास मिळणार आहे. पण पाणी पिण्याआधी दुसरं कोडं. परवा दुपारपर्यंत हवंय:
घातली की लग्न. लावली की कान बंद. तुडवला की दमछाक.

चिंचगूळ, ८.४४
तुडवला की तुडवली? आधी ऑडिओ नीट ऐका.

माऊची_आई, ८.५०
शिवलेल्या नऊवारीचं कोणी सांगेल का?