संस्थाप्रमुखच सुपरवायझर असावा का?

टिळकवाडीकर
समुपदेशकानं आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर नियमित मांडायच्या, ही सुपरव्हिजन. आमच्या बेळगावात मी पाहतो ते असं, की पगारवाढ ठरवणाऱ्यासमोरच बसावं लागतं. 'या क्लायंटची मला भीती वाटते' किंवा 'याच्याबद्दल जरा जास्तच माया वाटते' हे त्याला कोण सांगेल? आणि नेमकं तेच तर सांगायचं असतं. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं मानली: नीतिनियमांवर लक्ष, शिकवणं आणि समुपदेशकाला आधार. साहेबासमोर पहिलंच तेवढं उरतं. सुपरवायझर संस्थेबाहेरचा हवा, जमलं तर तालुक्याबाहेरचा.

खानापूर रोड
काय सांगालाय ओ! बाहेरचा माणूस महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर. एखादी मुलगी 'आज रात्री जीव देते' म्हणाली तर? प्रमुख शेजारच्या खोलीत असतो. शिवाय लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं. ते निस्तरायला संस्थाच पुढं होते.

टिळकवाडीकर
तातडीचा सल्ला वेगळा. त्यासाठी प्रमुख आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, १४४१६ वर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. मी बोलतोय ते शांतपणे बसून स्वतःच्या कामाकडे बघण्याबद्दल.

निपाणीची ताई
तालुक्याबाहेरचा, हे मला पटतं. आमच्याकडं नाव झाकून भागत नाही. 'तंबाखूच्या वखारीत जाते, नवरा गल्फला, थोरला बारावी नापास' एवढं म्हटलं की सुपरव्हिजनच्या गटातल्या निम्म्या जणी ओळखतात. मानसिक आरोग्य कायद्यानं (२०१७) गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि केस दुसऱ्याला दाखवली जाते हे क्लायंटला पहिल्या भेटीतच सांगायला हवं. किती जण सांगतात, देव जाणे.
खरं पुण्याचा सुपरवायझर नको. सौंदत्तीच्या यल्लम्माचं वारं अंगात येतं असं बाई म्हणाली की तो लगेच आजाराचं नाव शोधणार. घरी मराठी, शाळेत कन्नड, असल्या पोराचं अवघडलेपण त्याला पहिल्यापासून समजवावं लागणार. धारवाडचा, दोन्ही भाषा येणारा मिळाला तर बघा.

खानापूर रोड
बघा की ओ, खरं फी कोण देणार?

टिळकवाडीकर
संस्थेनं. प्रशिक्षणाच्या खर्चात धरायची.

खानापूर रोड
आमच्याकडं त्या खर्चात चहा-बिस्किटं बसतात. समुपदेशकाच्या पगारातून कापणार असाल तर आधीच सांगा, मी विरोधात.