सायकलवाल्याने नेमकं कुठून चालवायचं? (आरे-वारेच्या फोटोवरून)

पेडलवाला_रत्नागिरी

परवा इथे एकाने फोटो टाकला. आरे-वारेच्या (रत्नागिरी-गणपतीपुळे किनारी रस्त्यावरच्या) चढावर तीन सायकलवाले, मागे अडकलेल्या गाड्या, आणि वर मजकूर: "रस्ता यांच्या बापाचा आहे का? टॅक्स भरत नाहीत आणि मधोमध चालवतात. कडेने जायला काय धाड भरते?" खाली लाईकचा पाऊस. तिथे दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी बापाचं बघू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल मोटार वाहनात धरलेलीच नाही, म्हणून लायसन्स नाही, पासिंग नाही, टॅक्स नाही. म्हणजे रस्त्यावर यायला परवानगी मोटारवाल्याला काढावी लागते, चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला लागत नाही. जिथे आम्ही नको तिथे तसं लिहिलेलं असतं, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर बंदी आहे आणि तिथे कोणी जातही नाही. आरे-वारेवर असा बोर्ड बघितलाय कोणी?

आता कड. गाडीतून उतरून एकदा ती कड बघा. पावसाळ्यानंतर साइडपट्टी धुऊन जाते आणि डांबर संपतं तिथे चार-चार बोटं पायरी पडते, वर गवत माजलेलं त्यामुळे दिसत पण नाही. पुढचं चाक तिथून खाली उतरलं आणि तुम्ही हँडल उजवीकडे घेऊन वर यायला गेलात तर चाक डांबराच्या काठाला घासत राहतं, वर चढत नाही, आणि सायकल उजवीकडे आडवी होते. उजवीकडे म्हणजे मागून येणाऱ्याच्या चाकाखाली. शिवाय खडी तिथेच, सुरूच्या काड्या तिथेच, पर्यटकांच्या बाटल्यांच्या काचा पण तिथेच.

आणि गणित करा. साडेपाच मीटर डांबर धरा, म्हणजे आपली बाजू पावणेतीन. डंपर अडीच मीटर रुंद, माझं हँडल साधारण साठ सेंटीमीटर. दोघं मिळून तीनच्या वर. मी कडेला चिकटलो काय किंवा तीन फूट आत आलो काय, डंपरला समोरची बाजू मोकळी असल्याशिवाय मला ओलांडता येतच नाही. फरक एवढाच, की मी कडेला असलो की त्याला वाटतं "बसेल". नेमका तोच "बसेल" माणसं मारतो.

म्हणून मी अडीच-तीन फूट आतून चालवतो आणि आंधळ्या वळणावर मुद्दाम आणखी आत, म्हणजे मागच्याला तिथे घुसायचा मोहच नको. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून लिहिलंय, की शांत रस्त्यावर आणि रस्ता अरुंद होतो तिथे सायकलवाल्याने लेनच्या मधून चालवावं, आणि ओव्हरटेक करणाऱ्याने निदान दीड मीटर जागा सोडावी. ते पण आपल्यासारखेच डावीकडून चालवतात. चला, आता घाला शिव्या.

चिरेवाला_पाली

साहेब गणित झकास. आता माझं ऐका. मी चिऱ्याची गाडी मारतो, तुमच्यासारखा रविवारचा नाय, रोजचा. लोडेड गाडी चढाला सेकंडला, पुढे तुम्ही मधी, चालल्यासारख्या स्पीडने डुलत डुलत. मी थांबलो की परत उचलताना हाफ क्लचवर गाडी हातभर मागे येते, क्लच प्लेटचा वास केबिनमधी, आणि मागे पुण्याची एसयूवी माझ्या बंपरला चिकटून हॉर्न मारते. तिला ठोकलं तर कोण भरणार? शेठ माझ्या पगारातनं कापणार. तुमचं मोजमाप बरोबर असेल हो, पण तुमच्या मोजमापात माझा क्लच कुठे आहे?

कलमवाला

टॅक्सचं सोडा, मला त्या घट्ट कपडेवाल्यांचा राग आहे. दोन-दोन तीन-तीन जण बाजूबाजूला, पाठीवर स्पीकर, गप्पा चालू. आंब्याच्या सीझनला पेट्या भरलेली पिकप घेऊन मी यांच्या मागे, कारण पार्सलची गाडी सुटायची वेळ झालेली. आणि हॉर्न मारला तर हात दाखवतात, जसा काय मी यांचा नोकर. आमच्या गावातले सायकलवाले असं कधी करत नाहीत. गपचूप कडेने जातात.

पेडलवाला_रत्नागिरी

@कलमवाला स्पीकरवाल्यांचं मी समर्थन करत नाही. पण गावातले गपचूप कडेने जातात ते हौसेने नाही, घाबरून. विचारा त्यांना.

अनघा_वरवडे

विचारायला कशाला पाहिजे, मीच सांगते. माझी मुलगी नववीत आहे, सायकलने शाळेत जाते. तिला मी पहिल्या दिवसापासून शिकवलंय, मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की सरळ खाली उतर आणि सायकल धरून उभी रहा. मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एका टुरिस्ट गाडीचा आरसा तिच्या दप्तराला लागला. दप्तराचा पट्टा तुटला, ती गवतात पडली, कोपर सोलवटलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. त्या दिवशी ती कडेनेच चालवत होती, अगदी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर.

म्हणजे पेडलवाले दादा तुमचं म्हणणं मला पटतं हो. पण मी तिला "तीन फूट आतून जा" असं सांगू शकत नाही. तुम्ही मोठे आहात, हेल्मेट आहे, लाल लुकलुकणारा लाईट आहे, गाडीवाला तुम्हाला जरा तरी बिचकतो. शाळेच्या ड्रेसमधल्या पोरीला कोण बिचकतं?

कलमवाला

ताई, वाईट झालं. पण टुरिस्ट गाडीवाल्यांचा राग आमच्यावर काढू नका.

अनघा_वरवडे

तुमच्यावर कुठे काढला? "गपचूप जातात" त्याचा अर्थ सांगितला.

काळा_कोट

कायद्याच्या नावाने इथे जे चाललंय त्यात थोडी भर घालतो, फी नाही. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घ्यायची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकलेली आहे. वळणावर पुढचं दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचं नाही, हेही आहे. पण सायकलपासून अमुक मीटर अंतर सोडा, असा आकडा आपल्याकडे नाही. त्यामुळे ब्रिटनचा दीड मीटर कोर्टात दाखवून उपयोग शून्य.

सायकलवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवण्याचं, ते फक्त मोटारीसाठी नाही, कुठल्याही वाहनाला लागतं. आणि अपघात न्यायाधिकरणात दावा गेला की विमा कंपनीचा वकील पहिलं विचारतो: लाईट होता का, कुठून चालवत होता. निष्काळजीपणात तुमचा वाटा निघाला तर तेवढी भरपाई कापली जाते. गाडीवाला पळाला आणि सापडलाच नाही तर एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. पूर्वी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. तेव्हा अंधार पडल्यावर लाईटशिवाय निघू नका, हा हक्कापेक्षा मोठा सल्ला.

निवृत्त_मास्तर

लाईटचं काळा_कोट यांनी बरोबर काढलं. आमच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, त्याचे पैसे भरावे लागत, म्हणजे टॅक्स होता बरं का फोटोवाल्यांनो. रात्री डायनामो नसला किंवा डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा आणि भर रस्त्यात अंगठे धरायला लावायचा. आम्ही मग हातात कंदील धरून चालवायचो, कंदील चालायचा त्यांना. तेव्हा रस्त्यावर सायकली जास्त आणि मोटारी कमी, त्यामुळे कुठून चालवायचं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न आता निर्माण झाला तो मोटारी वाढल्यामुळे, सायकलीमुळे नव्हे, एवढं तरी मान्य करा.

खाडीपलीकडचो

अरे तुमी सगळे सायकल सायकल काय करतास, रस्त्यात खरो धोको गुरांचो आसा! पावसात रात्री मालवणच्या रस्त्यान जावन बघा. काळी म्हस, काळा डांबर, दिसता काय? माझो चुलतभाव मोटारसायकलवरना थेट गुरावर गेलो, खांद्याचा हाड मोडला. सायकलवालो मधी आसलो तर निदान हाक मारलेली ऐकता.

कलमवाला

+१०० ह्याला. गुरं मालक सोडून देतात आणि ती रस्त्यावर येऊन बसतात.

सड्यावरचा

बसणारच. शेतात चिखल, गोठ्यात डास, डांबर मात्र कोरडं आणि ऊबदार. गुरांना दोष देऊन काय होणार? नांगराला बैल कोण ठेवतो आता, घरोघर पॉवर टिलर. म्हातारं जनावर पोसायचं कुठून? पेंढ्याचा भाव बघितलाय? २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैल विकायचा म्हटला तर घेणार कोण?

कलमवाला

मग दुसऱ्याच्या गाडीखाली घालायचा? कानात पिवळा टॅग असतो, त्यावर १२ आकडी नंबर. त्यावरून मालक शोधा आणि दंड घ्या, दोन महिन्यात रस्ता रिकामा.

सड्यावरचा

टॅग कापून सोडतात मालक. तुम्ही बागायतदार, तुमची कलमं कुंपणात आणि तुम्ही खुर्चीत. एक दिवस शेण काढून दाखवा मग दंडाची भाषा करा.

कलमवाला

माझ्या बागेत तुमच्या गावची गुरं घुसून लहान कलमं खाऊन गेलीत, ते शेण मीच काढलंय. तोंड सांभाळून बोला.

सड्यावरचा

बरं झालं खाल्ली.

चर्चा_व्यवस्थापक

दोघेही थांबा. २०१५ च्या कायद्यावर वेगळा धागा काढा, इथे नको. पुढची वैयक्तिक पोस्ट उडवली जाईल.

चिरेवाला_पाली

गुरं राहूदेत जरा. @पेडलवाला तुमच्या त्या ब्रिटनच्या पुस्तकात अजून एक ओळ आहे ती तुम्ही गाळलीत. माझ्या भाच्याने शोधून दिली. मागून जलद गाडी आली आणि सुरक्षित असेल तर सायकलवाल्याने डावीकडे सरकून वाट द्यावी, असं त्याच नियमात लिवलंय. ते नाय सांगितलंत?

पेडलवाला_रत्नागिरी

"सुरक्षित असेल तर" हे तुम्हीच लिहिलंत. मी जन्मभर पुढे राहतो असं कुठे म्हटलं? चढ संपला, साइडपट्टी धड आली की मी बाजूला होतोच. पण वळणात नाही होणार. आणि उतारावरच्याने चढावर येणाऱ्याला वाट द्यायची, हा आपल्याच नियमातला नियम आहे. गणपतीपुळ्याकडून उतरणारे किती जण देतात ते तुम्ही मला सांगा, तुम्ही रोजचे ना.

चिरेवाला_पाली

कोणी नाय देत. मला पण नाय देत, अडीच मीटरच्या गाडीला, तर तुम्हाला काय देणार. ह्या बाबतीत आपण एकाच बोटीत आहोत म्हणा, हसू येतं पण खरं आहे.

एक करा. चढ सुरू व्हायच्या आधी मोरीजवळ रुंद जागा असते, तिथे मागे लोडेड गाडी दिसली तर अर्धा मिनिट थांबा, मला पुढे काढा. मी एकदा चढाला लागलो की मला थांबवू नका. मग वर तुम्ही मधी चालवा, आडवे झोपा, मला काय करायचंय.

पेडलवाला_रत्नागिरी

थांबेन. पण मग तुम्ही पण लांबून प्रेशर हॉर्न मारायचा नाही. कानाशी तो वाजला की माणूस दचकतो आणि हँडल हलतंच, कडेची पायरी असते तिथे मग काय होतं ते वर लिहिलंय.

चिरेवाला_पाली

लांबून मारला तर दचकता, जवळून मारला तर शिव्या देता. नाय मारला तर म्हणता मागून चोरासारखा आला. बरं, साधा हॉर्न मारीन, लांबनं, एकदाच. लिहून देऊ?

काळा_कोट

लिहून द्या, स्टँपपेपर मी आणतो.

अनघा_वरवडे

तुमचा करार छान झाला, पण पुण्याच्या एसयूवीवाल्याची सही कोण घेणार? माझ्या मुलीला चिऱ्याच्या गाडीने कधी त्रास दिलेला नाही, ती माणसं ओळखीची आहेत, हळू करतात. त्रास आहे तो रील बघत समुद्राचा व्ह्यू शोधणाऱ्यांचा. त्यांच्यासमोर ती तीन फूट आत असली तरी दिसणार नाही, कारण ते रस्त्याकडे बघतच नसतात.

पेडलवाला_रत्नागिरी

ताई, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. मोठी माणसं आतून चालवायला लागली तर ड्रायव्हरला सवय होईल एवढंच म्हणू शकतो. तोपर्यंत ती उतरते तेच बरोबर. देशात दरवर्षी ४,००० च्या वर सायकलवाले मरतात, त्या आकड्यात तिने भर घालायची गरज नाही. तिच्या दप्तरावर मागून रिफ्लेक्टरची पट्टी मात्र शिवून घ्या.

कलमवाला

मला अजून पटलेलं नाही. दोघं-तिघं बाजूबाजूला चालवतात त्याचं काय? त्यावर सगळे गप्प.

पेडलवाला_रत्नागिरी

चढावर एकामागे एक जावं. झालं समाधान? मी त्या फोटोतला नाही, तरी सांगतोय.

कलमवाला

फोटोतल्यांना सांगा मग.

खाडीपलीकडचो

झाला सगळा? आता माका सांगा, रत्नागिरीकडे कोंडवाडे चालू आसत काय? १८७१ सालापासून गुरा कोंडूचो कायदो आसा म्हणतत. आमच्याकडे कोंडवाड्याक छप्परच नाय.

सड्यावरचा

आमच्याकडे छप्पर आहे. आत माजी सरपंचांचा पॉवर टिलर ठेवलाय आणि चावी त्यांच्याकडेच.

कलमवाला

कुठल्या गावचे तुम्ही? नाव टाका, उद्या अर्ज देतो.

सड्यावरचा

आधी माझ्या शेण काढण्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या.