शेवंतीत मर रोग शिरला आहे, ट्रायकोडर्मा आता द्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं वावर आहे, भारी काळी जमीन. यंदा पहिल्यांदाच अर्धा एकर पिवळी शेवंती लावली. दसरा-दिवाळीला नागपूरला सीताबर्डीच्या फुलबाजारात माल न्यायचा हिशोब होता. पोळ्यापर्यंत पीक असं होतं की रस्त्यानं जाणारा थांबून पाहायचा.

पोळा झाला अन् चार दिवस पावसाची झड लागली. धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) दोन ओळींत पाणी साचलं आणि तिथूनच सुरुवात झाली. आधी खालची पानं पिवळी, तीही झाडाच्या एकाच बाजूची. दुपारी झाड मान टाकते, सकाळी जरा उभं दिसते, अन् पाच-सहा दिवसांत वाळून जाते. आज एक उपटून विळ्यानं उभं चिरलं. साल हिरवीगार, पण आत बुडापासून फांदीपर्यंत तपकिरी रेघ. तुरीचा मर लहानपणापासून पाहतो, अगदी तसंच. मागच्या साली याच तुकड्यात तूर होती, म्हणून जीव जास्तच घाबरला आहे.

दुकानातून ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी जिवंत मित्रबुरशी) आणि कार्बेन्डाझिम (रासायनिक बुरशीनाशक) दोन्ही दिले, "सोबतच टाका" म्हणून. मी आठ दिवसांपूर्वी एकाच ड्रममध्ये पाण्यात कालवून आळवणी केली, म्हणजे झाडांच्या बुडाशी ओतलं. पुडीवरची बारीक अक्षरं नंतर वाचली. माझा ट्रायकोडर्मा मेला असेल का? पुन्हा द्यायचा तर कधी, कसा? बाकीची झाडं अजून चांगली आहेत, ती वाचवायची आहेत.

प्रतिसाद

दादा, कार्बेन्डाझिमपुढे ट्रायकोडर्मा टिकत नाही, तो गेला असंच धरा. आळवणीपासून पंधरा दिवस होऊ द्या, मग नवा द्या. तोवर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत ढीग करा, ओलं गोणपाट झाका, आठवडाभर ओल राखा. मग झाडाच्या बुडाशी टाकून मातीआड करा. लागलेलं झाड यानं बरं होत नाही. ते मुळासकट उपटून वावराबाहेर जाळा. तुरीची भीती सोडा, तिच्या मराची बुरशी तुरीच्याच मागं लागते, शेवंतीची वेगळी. आधी धुऱ्याकडचं पाणी काढा.

आणि एक तपासा: ताजं खोड कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. दुधासारखी धार सुटली तर मर जिवाणूचा आहे, तिथं ट्रायकोडर्माच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता

लई आभार जी. तीन झाडांची खोडं धरून पाहिली, अर्धा तास थांबलो, पाणी स्वच्छच राहिलं. धुऱ्याला चर खोदून झाला, आतापर्यंत बेचाळीस झाडं उपटून जाळली. आता एकच विचारतो: शेणखत दोन वर्षांचं आहे, पण उकिरड्यात मागच्या वर्षीची झेंडूची वाळकी झाडंही पडली होती. ते खत वापरू, की दुसरीकडून आणू?