मदत हवी आहे: तीस गुंठ्यांच्या चिरेखाणीला पर्यावरण परवानगी (ईसी) कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात दक्षिणेकडच्या एका गावात आमची वडिलोपार्जित कातळाची जमीन आहे, सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला न येणारी). माझा धाकटा भाऊ तिथे चिरेखाण (जांभा दगड कापून बांधकामाचे चिरे काढायची खाण) चालवतो. खाण म्हणजे काय तर तीस गुंठे जागा, एक उभा कटर, एक आडवा कटर, विजापूरकडची दोन कुटुंबं कामाला आणि भाऊ स्वतः. आजवर तालुक्याला जाऊन अल्प मुदतीचा परवाना काढायचा, ब्रासप्रमाणे (दगड मोजायचं माप) रॉयल्टी भरायची, वाहतुकीचा पास घेऊन गाडी सोडायची असंच चालत आलं, सगळ्या पावत्या फाईलला लावलेल्या आहेत. यंदा गणपती झाल्यावर परवाना मागायला गेला तर ईसी आणा, मंजूर मायनिंग प्लॅन आणा, नाहीतर पास विसरा असं सांगितलं, आणि पाठोपाठ खड्डा मोजून पंचनामा पण झाला. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो म्हणतात. कटर कर्जाने घेतलेत, त्यामुळे भाऊ रात्रीचा झोपत नाहीये आणि मी नवी मुंबईत बसून जमेल तेवढं वाचतोय.

वाचून मला जे कळलं ते सांगतो, चुकत असेन तर सांगा. पूर्वी पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणीला पर्यावरण परवानगी लागत नव्हती. मग हरियाणात नदीतल्या वाळूचे मोठे पट्टे पाच-पाच हेक्टरच्या आत तोडून लिलावाला काढले, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार खटल्यात कोर्टाने सांगितलं की पाच हेक्टरच्या आत असलं तरी ईसी पाहिजेच. नंतर 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेने छोट्या खाणींसाठी जिल्हा पातळीवरच, कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, म्हणजे निदान रत्नागिरीतच काम झालं असतं. पण 13 सप्टेंबर 2018 ला हरित लवादाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि आता सगळं राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे परिवेश या पर्यावरण परवानगीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून मुंबईला. यातलं कोर्टाचं म्हणणं मला मनापासून पटतं. लहान खाण म्हणजे लहान नुकसान असं नसतं, आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) उभं राहिलं की दिसतं, एकेकाचा खड्डा छोटा पण सगळे मिळून अर्धा सडा खाल्लाय. प्रश्न एवढाच आहे की तीस गुंठेवाल्याने हे सगळं पार कसं पाडायचं.

एका कन्सल्टंटला फोन केला, त्याने जो आकडा सांगितला तेवढे पैसे त्या खड्ड्यातले उरलेले सगळे चिरे विकून पण सुटणार नाहीत. वर तो म्हणाला की तुमचं क्लस्टरमध्ये येतं. म्हणजे आमच्या खाणीपासून पाचशे मीटरच्या आत अजून तीन खाणी आहेत, दोन आमच्यासारख्याच, एक बाहेरच्या माणसाची साडेचार हेक्टरची. सगळ्यांची बेरीज पाच हेक्टरच्या वर जाते, त्यामुळे ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा) अहवाल आणि जनसुनावणी लागेल म्हणे. म्हणजे शेजारी मोठा आला म्हणून आमचं पण प्रकरण मोठं झालं. याला काही मार्ग आहे का? चौघांनी मिळून एकच आराखडा करता येतो का, खर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घेता येतो का, कुणी केलंय का असं?

गावात एकाने भावाला सांगितलं की घरगुती आणि पारंपरिक कामाला ईसीतून सूट आहे, तू तसं लिहून दे. मला ते बरोबर वाटत नाहीये. जाणकारांनी स्पष्ट सांगावं म्हणजे मी त्याला ठामपणे नको म्हणून सांगेन.

आता कागदांपेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट. सड्याच्या कडेला खाली आमची वाडी आहे. पावसाचं पाणी कातळात मुरतं आणि खालच्या मऊ पांढरट मातीच्या थरावर आलं की कडेने झऱ्याने बाहेर पडतं, त्यावर वाडीची बाव (विहीर) आणि वहाळ (ओढा) चालतो. खाणीत कटर फिरला की तांबडा चुरा पडतो, तो कडेला ढीग मारून ठेवतात आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तो सगळा वहाळात. दोन पावसाळे झाले, वाडीतल्या बायका सांगतायत की बावीच्या पाण्याला लाल झाक येते, कळशी रात्रभर ठेवली की तळाला गाळ बसतो. माझी काकी तिथेच पाणी भरते. हे थांबवायला नक्की काय करायचं, नुसता चर मारून भागतं का, खड्डा किती खोल नेऊन थांबायचं? भाऊ करायला तयार आहे, त्याला नीट सांगणारं कुणी नाही.

आणि एक, शेजारच्या सामाईक गटात कातळावर खोदलेली चित्रं आहेत, मासा आणि एक माणसासारखी आकृती, पावसाळ्यात शेवाळ धरतं तेव्हा दिसत नाहीत. मोठ्या खाणीचा रस्ता त्याच दिशेने सरकतोय. याबद्दल कुणाला कळवायचं?

आमचं गाव पश्चिम घाटाच्या ईएसए (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र) मसुद्याच्या यादीत नाही, ते बघून झालंय.

प्रतिसाद: भूगर्भ

मी मायनिंग प्लॅन करतो म्हणून लिहितो. सर्वात आधी कटर बंद ठेवा, परवाना नसताना एक चिरा जरी निघाला तरी दंडाची केस पक्की होते. पंचनाम्याची प्रत लेखी अर्ज करून मागा, मोजणी तुमच्या माणसासमोर झाली का ते बघा आणि रॉयल्टीच्या पावत्यांची बेरीज ब्रासमध्ये करून खुलाशाला जोडा. खड्ड्याचं माप आणि भरलेली रॉयल्टी जुळत असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते.

सूट मिळवायचा विचार सोडून द्या. ईसीच्या अधिसूचनेच्या परिशिष्ट 9 मध्ये सूट आहे ती म्हणजे कुंभाराने हाताने काढलेली माती, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणं, विहीर खणणं, गावच्या तळ्यातला गाळ, गावातल्या लोकांनी स्वतःच्या वापरासाठी रिवाजाप्रमाणे काढलेली माती-वाळू असल्या गोष्टी. मशीनने कापून विकलेला चिरा यात कुठेच बसत नाही आणि खोटं लिहून दिलं तर उद्या तेच कागद तुमच्या भावाच्या विरोधात वापरले जातील.

क्लस्टरबद्दल मात्र नीट तपासा. तीन वर्षं किंवा जास्त काळ बंद असलेले खाणपट्टे आणि 15 जानेवारी 2016 ला ज्यांच्याकडे आधीच ईसी होती ते पट्टे क्लस्टरचं क्षेत्रफळ मोजताना धरत नाहीत, पर्यावरण आराखड्यात मात्र घ्यावे लागतात. त्या साडेचार हेक्टरवाल्याची ईसी कधीची आहे ते परिवेशवर आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयात विचारा, माहिती अधिकारात पण मिळेल. तो बेरजेतून वगळला गेला तर तुम्ही तिघे पाच हेक्टरच्या खूप आत, मग फॉर्म 1एम (छोट्या खाणींचा अर्ज), प्री-फिजिबिलिटी रिपोर्ट (प्राथमिक व्यवहार्यता अहवाल) आणि मंजूर मायनिंग प्लॅनवर काम होतं, जनसुनावणी नाही. तुमची जागा जिल्हा सर्वेक्षण अहवालात (जिल्ह्यातल्या गौण खनिजांच्या जागांची नोंद) आहे का हे पण आधीच बघून घ्या, नसेल तर अर्ज तिथेच अडकतो.

खोलीचं म्हणाल तर एक कायद्याचा आकडा लक्षात ठेवा. 2025 पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम 1952 च्या कलम 3 प्रमाणे जांभ्याच्या उघड्या खाणीची खोली कुठेही सहा मीटरच्या वर नाही, माणसं पन्नासच्या आत आणि सुरुंग नाही, तर त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू होत नव्हत्या; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार सुरक्षा संहिता आली आहे. तुमचा कटरचा खड्डा त्या मापात बसतो, बसवूनच ठेवा. ईसीशी याचा संबंध नाही, ती लागतेच.

प्रतिसाद: सडेकर

दादा, पाण्याचं सांगतो, आमच्याकडे केलंय. मऊ माती लागायच्या आधी निदान एक चिऱ्याचा थर शिल्लक ठेवून थांबायचं, तो थर फोडला की मुरलेलं पाणी गढूळ होऊनच खाली जातं. चुरा उताराच्या बाजूला टाकायचा नाही, संपलेल्या खड्ड्यात मागे भरत जायचं. नुसता चर पुरत नाही, चराच्या तोंडाशी पाणी थांबेल असा खड्डा पाहिजे, गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी सांडव्याने जातं, तो खड्डा मे महिन्यात उपसायचा. वरची चार बोटं माती सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवा, शेवटी तीच वर पसरायची. आमच्या भरलेल्या खाणीत काजूची कलमं धरलीत.

पण सगळा सडा भरून कलमं लावायची असं पण नको. पावसाळ्यात तिथे दीपकाडी, सीतेची आसवं, गेंद फुलतात, त्यातली दीपकाडी तर कोकणच्या सड्यांशिवाय फारशी कुठे सापडत नाही. जिथे अजून कटर लागला नाही तो तुकडा तसाच ठेवा, आराखड्यात तसं लिहा.

कातळशिल्पाचं आजच करा. फोटो आणि जागेचं लोकेशन काढून रत्नागिरीच्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात आणि तहसीलदारांकडे लेखी द्या, पोच घ्या, ग्रामसभेत ठराव करून घ्या. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे लेखी पत्र आलं की दुर्लक्ष करणं सोपं नसतं.

धागाकर्ता

दोघांचे खूप आभार, भावाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. कटर बंद आहेत, पंचनाम्याच्या प्रतीचा अर्ज उद्या देतोय, कातळशिल्पाचे फोटो चुलतभाऊ काढून पाठवतोय. शेजारच्या दोघांशी बोलणं झालं, एकत्र प्लॅन करायला ते तयार आहेत, फक्त एकाचा सातबारा सामाईक आहे आणि दोन हिस्सेदार मुंबईला, एक सुरतला. भूगर्भ साहेब, अशा वेळी सगळ्या हिस्सेदारांची संमती नोटरीवर चालते का रजिस्टरच करावी लागते? आणि कामावरच्या दोन कुटुंबांना परवानगी येईपर्यंत काम नाही, ती गावी गेली तर पुढच्या हंगामात येतील याचा भरवसा नाही, खड्डा मागे भरायचं आणि गाळाचा खड्डा खणायचं काम त्यांच्याकडून आत्ता करून घेतलं तर त्याला उत्खनन म्हणतील का?