खाडीतली जुनी शिकारी होडी : फटी बुजवाव्यात की फायबर चढवावे?

कोपरीकर
आमच्या कोपरीतील घरामागच्या शेडमध्ये आजोबांची सुमारे साडेअकरा फूट लांबीची, सपाट तळाची लाकडी होडी कित्येक वर्षे पालथी पडून आहे. तिच्यातून ते ठाण्याच्या खाडीत बदकांच्या शिकारीला जात, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर बंदूक घरातून गेली, होडी मात्र राहिली. फळ्या सागवानी आहेत, आतल्या आडव्या फासळ्या बहुधा बाभळीच्या असाव्यात. तळाच्या फळ्यांमध्ये रुपयाचे नाणे उभे जाईल एवढ्या फटी पडल्या आहेत, लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळे झाले आहे आणि नाळेजवळचा (होडीच्या पुढच्या टोकाजवळचा) वीतभर भाग बोटाने दाबला तरी आत जातो. एका कारागिराने फटी इपॉक्सीच्या लांबीने (सुकून कडक होणाऱ्या लगद्याने) भरून वरून फायबर (राळेत भिजवलेल्या काचतंतूंचा थर) चढवण्याचा सल्ला दिला आहे. मला ती केवळ पक्षी पाहण्यासाठी वापरायची असून आतून-बाहेरून चकचकीत वॉर्निश करण्याची इच्छा आहे. हे योग्य होईल का?

दिवाळे बंदर
कारागिराला आत्ताच होकार देऊ नये, अशी विनंती आहे. फळ्यांची होडी पाण्यात गेली की लाकूड आडवे फुगते आणि फळी फळीला दाबून बसते. तिचा पाणीबंदपणा त्या दाबावरच अवलंबून असतो. आज उन्हाळ्यात सुकून उघडलेल्या फटीत दगडासारखी कडक होणारी लांबी भरली, तर पाण्यात फुगणाऱ्या फळीला सरकायला जागाच उरत नाही, आणि मग खिळे उपटले जातात किंवा फासळी तडकते. म्हणून आधी होडी सावलीत सरळ करून आत ओली गोणपाटे अंथरावीत, ती चार-पाच दिवस ओलीच ठेवावीत आणि कोणत्या फटी आपोआप मिटतात ते पाहावे. ज्या उरतील त्यांत सुती वात हलक्या हाताने ठोकून बसवावी (आरपार जाईल एवढी नव्हे) आणि वरून खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेली मऊ लांबी भरावी. आमच्याकडे जुनी माणसे त्यात थोडी राळही घालत.

काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांची क्रिया आहे. तिथले खिळे बाहेरून शाबूत दिसले तरी आत झिजलेले असतात, तेव्हा एकेक काढून तांब्याचे खिळे वायसरसह (चकतीसह) ठोकावेत. नाळेजवळचा कुजलेला भाग भरून भागणार नाही. निरोगी लाकूड लागेपर्यंत तो कापावा आणि नवा तुकडा उताराच्या सांध्याने, म्हणजे दोन्ही टोके तिरपी कापून एकमेकांवर बसवून, जोडावा. हा उतार फळीच्या जाडीच्या आठपट लांब असावा, म्हणजे पाऊण इंची फळीसाठी सहा इंच. त्याआधी संपूर्ण तळ टोच्याने तपासावा. खाडीतील लाकूडकिडीचे बाहेरचे भोक जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे असते आणि आत मात्र फळी पोखरलेली निघते.

ऐरोलीचा रहिवासी
फायबरबद्दल माझा अनुभव असा की, मरीन प्लायवूडच्या होडीवर ते वर्षानुवर्षे उत्तम टिकले, कारण प्लायवूड फारसे फुगत-आकसत नाही. त्याच भरवशावर मी फळ्यांच्या एका जुन्या डोंगीलाही फायबर चढवले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते तळावरून पापुद्र्यासारखे सुटले आणि आत कोंडलेल्या ओलाव्याने फळी पूर्वीपेक्षा अधिक कुजलेली निघाली. पैसे गेलेच, शिवाय लाकूडही गेले.

कोपरीकर
दोघांचेही आभार. गोणपाटे पाच दिवस ठेवली. नऊपैकी सहा फटी इतक्या मिटल्या की आता पोस्टकार्डही आत जात नाही. टोच्याने मात्र मागच्या बाजूस आणखी एक मऊ जागा सापडली. आता वॉर्निशबद्दल कोणी सांगू शकेल का?

पाणथळप्रेमी, वाशी
पक्ष्यांसाठी होडी असेल तर चकाकी टाळावी. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या बार्नेगट उपसागरात बदकांच्या शिकारीसाठी वापरली जाणारी ‘स्नीकबॉक्स’ ही बुटकी होडी मुद्दाम सुकलेल्या गवताच्या मंद रंगात रंगवतात. शिकाऱ्याची ती युक्ती दुर्बीणवाल्यालाही तितकीच उपयोगी आहे. बाहेरून राखाडी-मातकट मॅट रंग द्यावा, वॉर्निशची हौस आतल्या बाकावर आणि वल्ह्यांवर भागवावी. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे किमान पाच हात द्यावेत आणि प्रत्येक दोन हातांमध्ये २२० ते ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासावे. वॉर्निश अतिनील किरणे रोखणारे घ्यावे, कारण साधे वॉर्निश इथल्या उन्हात पिवळे पडून सुटते. काम दसऱ्यानंतरच काढावे, आणि रोज दव उडाल्यावर सुरू करून दुपार कलण्याआधी थांबावे.

खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला आहे. होडी तिकडे नेण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी.

दिवाळे बंदर
एक सांगायचे राहिले. पहिल्या दिवशी होडीत पाणी येणारच, त्याने घाबरून जाऊ नये. दोन दिवस ती जेट्टीला बांधून ठेवावी, पाणी उपसायला डबा हाताशी असावा, आणि तिसऱ्या दिवशीही एखाद्या ठिकाणी धार लागलेली दिसली तरच तेवढी फट पुन्हा उघडावी.