मदत हवी आहे: चिरेखाणीचे रस्ते आणि कोकणातला पाऊस झेपेल असं एमटीबीचं चाक कोणतं घ्यावं?

सडाकातळ:

नमस्कार मंडळी,

मी सावंतवाडीला असतो. सायकल साधी हार्डटेल एमटीबी आहे, म्हणजे डोंगरवाटांची, मागे शॉक नसलेली: २७.५ इंची चाकं, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, मागे सात गिअरचं फ्रीव्हील. फ्रेम, फोर्क, ब्रेक यांबद्दल काही तक्रार नाही. सगळं दुखणं चाकांचं, त्यातही मागच्या चाकाचं. स्पोक तुटतात. एक बदलून, आउट (चाकाची डगमग) काढून आणावं, तर थोड्याच दिवसांत त्याच्या शेजारचा जातो. तुटतो तोही नेहमी एकाच जागी, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, भोकातून बाहेर येताना जिथे काटकोनात वळवलेला असतो तिथे. बहुतेक वेळा डावीकडचा, म्हणजे डिस्कच्या बाजूचा. मध्यंतरी मागचा ॲक्सलही (चाकाचा आस) वाकला.

माझं वजन ९४ किलो. दाणोलीवरून आंबोली घाट चढून वर चौकुळच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, जातो आणि खाली आलो की चिरेखाणींच्या वाटा. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकांनी उखडलेला जांभा असतो, फुटक्या चिऱ्यांच्या धारदार कडा वर आलेल्या असतात आणि त्यावर तांबड्या मातीचा थर. पावसात त्या मातीचा रेंदा होतो आणि तो हबमध्ये, चेनमध्ये, जिथे फट मिळेल तिथे शिरतो. पावसाळ्यात सायकल टांगून ठेवायचा सल्ला कृपया देऊ नका. आंबोलीचा सडा खरा बघायचा तो जुलैतच, आणि सायकलवरूनच.

पुढच्या वर्षी मनालीहून स्पितीतल्या काझाला जायचं मनात आहे. सोबत मागच्या कॅरिअरवर पंधराएक किलो सामान असेल.

बजेट दोन्ही चाकांचं मिळून पंधरा हजार. चाक हलकं असण्याची अजिबात गरज नाही. टिकायला हवं आणि वाटेत बिघडलं तर वाटेतच दुरुस्त व्हायला हवं. इथल्या एका दुकानात विचारलं तर ‘नवी सायकलच घ्या’ म्हणाले. ऑनलाइन एक तयार जोडी दिसते आहे, दिसायला देखणी, पण स्पोक २४ च आहेत. ती घ्यावी का? की हब, रिम, स्पोक वेगवेगळे घेऊन कोणाकडून तरी विणून घ्यावं? सीलबंद बेअरिंग बरं की सुटे छर्रे? आणि सात गिअरचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) बदलावे लागतील का? तेवढे पैसे वाचले तर बरं.

मधली आळी:

दादा, २४ स्पोकवाली जोडी मुळीच घेऊ नका. तुमचं वजन, वर सामान, वर जांभा. एक स्पोक गेला की २४ मधलं चाक इतकं वेडंवाकडं होतं की फ्रेमला घासायला लागतं. ३२ मधला एक गेला तर हळूहळू घरी तरी येता येतं.

आता तुमच्या आजाराबद्दल. हा मालाचा दोष कमी आणि विणकामाचा जास्त वाटतो. मागच्या चाकात उजवीकडे गिअर असल्यामुळे रिम मध्यावर आणायला उजवीकडचे स्पोक जास्त ओढावे लागतात आणि डावीकडचे त्या मानाने सैल राहतात. चाक फिरताना जमिनीलगतच्या स्पोकांवरचा ताण दर फेरीला कमी होतो. आधीच सैल असलेला स्पोक अशा वेळी पूर्ण ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो, पुन्हा ढिला. त्या वळणाच्या जागी तार अशी सतत हलत राहते आणि एक दिवस तुटते. म्हणजे तुमचे स्पोक जास्त ओढल्याने तुटत नाहीत, ओढ कमी पडल्याने तुटतात. म्हणूनच एकेक बदलून उपयोग होत नाही. जे उरलेत तेही तेवढेच थकलेले असतात.

कारखान्यातून यंत्रावर विणून आलेली स्वस्त चाकं बहुतेकदा अशीच सैल असतात. सायकल नवी असतानाच कोणी जाणत्याने सगळे स्पोक एकसारखे ताणून दिले असते तर हेच चाक बरंच टिकलं असतं.

ॲक्सल वाकला तो फ्रीव्हीलमुळे, म्हणजे हबवर आट्यांनी बसणाऱ्या गिअरच्या संचामुळे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग गिअरच्या आत, पार मधल्या बाजूला असतं आणि तिथून फ्रेमपर्यंत ॲक्सल आधाराशिवाय लांबच लांब राहतो. कॅसेटच्या हबमध्ये (त्यात गिअरचे दाते हबच्याच फिरत्या भागावर, फ्रीहबवर, सरकवून बसवतात), शिमानो कंपनीच्या तर खासच, तेच बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाजवळ येतं. तेव्हा नवीन घेताना हब कॅसेटचाच घ्या. इथे तडजोड नको.

सडाकातळ:

हे कोणीच इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन स्पोक बोटाने छेडून पाहिले. उजवीकडचे टणटण वाजतात, डावीकडचे काही तर नुसतेच थरथरतात.

फ्रेमच्या मागच्या दोन्ही कानांमधलं अंतर मोजलं, १३५ मिमी आहे. साधा क्विक रिलीज. डिस्क सहा बोल्टची.

टेकडीवाला:

१३५ मिमी, क्विक रिलीज, सहा बोल्ट म्हणजे जुन्या मापाचं सगळं. काळजी करू नका, या मापाचे चांगले हब अजून मिळतात. नवीन सायकलींच्या १४८ मिमीच्या बूस्ट हबच्या मागे लागू नका, ते तुमच्या फ्रेमला बसणारच नाहीत.

शिफ्टरचे पैसे वाचतील. आठ-नऊ-दहा गिअरच्या फ्रीहबवर सात गिअरची कॅसेट बसते, फक्त मागे ४.५ मिमीची चकती टाकावी लागते. शिफ्टर, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेच राहतात. चेन आणि कॅसेट मात्र बरोबरच नवीन घ्या, जुनी चेन नव्या दात्यांवर घसरते.

रिमबद्दल: डबल वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीचीच घ्या, आतली रुंदी २५ मिमीच्या आसपास. टायर २.२५ असेल तर त्यावर छान बसतो. रिमच्या स्टिकरवर ५८४ x २५ असं लिहिलेलं असतं. ५८४ म्हणजे २७.५ इंची, २६ इंचाला ५५९ आणि २९ला ६२२. दुकानदार तोंडी काहीही सांगो, तो आकडा डोळ्यांनी बघा.

पुण्यात वेताळ टेकडीवर पडलेल्या रिम मी पाहिल्यात त्यातल्या बऱ्याचशा दगडामुळे कमी आणि हवेमुळे जास्त गेल्या आहेत. तुमच्या वजनाला, ट्यूब असताना, मागे पस्तीस-चाळीस पीएसआयच्या खाली उतरू नका. जांभ्याची कड रिमला थेट लागली तर कुठल्याही कंपनीची रिम वाकते.

देवराई:

दादा, स्पितीबद्दल बोलते. मनाली ते काझा मी केलंय, २९ इंची चाकांवर, ३२ स्पोक. ग्रामफूला मुख्य रस्ता सोडला की पुढे धोंडे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. कुंझुम खिंड सुमारे साडेचार हजार मीटरवर, तिथे दमलेल्या अंगाने दुरुस्ती करायची म्हणजे हातात योग्य हत्यार हवंच. मनाली सोडली की सायकलच्या सुट्या भागांची आशा धरू नका.

म्हणून एक मुद्दा जो दुकानात कोणी सांगत नाही: व्हॉल्व्ह. चांगल्या रिम पुष्कळदा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्हच्या भोकाच्या येतात. तुम्ही जाड, मोटारसायकलला असतो त्या व्हॉल्व्हचं भोक असलेली रिम मागा. त्या भागात बुलेटवाले पंप घेऊन फिरत असतात, सावंतवाडीतही कोणताही पंक्चरवाला हवा भरून देईल. प्रेस्टाला छोटा ॲडॅप्टर लागतो आणि तो नेमका हवा तेव्हा हरवतो.

जास्तीचे स्पोक बरोबर घ्या, पण नुसते ‘चार-पाच स्पोक’ नकोत. डिस्कच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूची लांबी वेगळी असते आणि पुढच्या-मागच्या चाकाचीही वेगळी. मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे दोन-दोन तरी घ्या आणि लांबी लिहून फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवून ठेवा. डावीकडचा बदलायला डिस्क काढावी लागेल, त्याला टी २५ ची चावी. उजवीकडचा बदलायला कॅसेट काढायचं हत्यार. ही दोन्ही आणि निपलची (रिमच्या टोकाला स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटाची) चावी पिशवीत असली की अर्ध्या तासाचं काम.

बेअरिंगचं म्हणाल तर मी सीलबंदच्या बाजूची. बेअरिंगवर नंबर असतो, तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की नवीन मिळतं, सायकलचं दुकान लागतच नाही.

मधली आळी:

ताईंशी थोडं दुमत आहे. सीलबंद बेअरिंग बदलायला ठोकून काढावं आणि दाबून बसवावं लागतं, आणि हातोडीने वाकडं बसवलं तर महिनाभरात खराब. छर्ऱ्यांचा हब दोन कोन स्पॅनर (हबचे कोन फिरवायचे पातळ पाने) आणि ग्रीसचा डबा असला की घरी उघडता येतो. शिमानोच्या मागच्या हबला पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. आमच्या दुकानात शिमानोच्याच डिओरचे हब येतात ते वर्षानुवर्षं चाललेले. मात्र एक अट: पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस संपला की एकदा उघडून ग्रीस बदलायचंच. दुर्लक्ष झालं आणि हबच्या आतल्या वाटीला खड्डे पडले तर ती वाटी बदलता येत नाही, हबच टाकावा लागतो.

तुम्ही स्वतः दर वर्षी उघडणार असाल तर छर्रे. नसाल तर ताईंचं ऐका. आणि काहीही घेतलंत तरी गाड्या धुण्याच्या जोरदार पाण्याखाली हब धरू नका. पाणी सील ओलांडून आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

सडाकातळ:

दर वर्षी उघडणं मला जमेल, पण जुलैत मधेच चिखल आत गेला तर तेव्हाही उघडावं लागेल आणि आमच्याकडे पाऊस चार महिने थांबत नाही. म्हणून सीलबंदकडे कल होतोय. नोवाटेकचे डी०४१ आणि डी०४२ हे हब, पुढचा १०० आणि मागचा १३५ मिमीत, सहा बोल्टचे, ३२ भोकांचे मिळतात असं दिसतंय. चालतील? स्पोक आणि निपल कोणते?

टेकडीवाला:

चालतील. भपका नाही, पण काम चोख. फ्रीहबमधून कटकट आवाज मोठा येतो, सड्यावर गुरांना लांबूनच कळेल, हा फायदाच.

स्पोक स्टेनलेस, दोन्ही टोकांना २ मिमी आणि मधे १.८ मिमी असे. मधे बारीक म्हणून कच्चे समजू नका, उलट तो बारीक भाग थोडा ताणला जातो आणि धक्का वळणाच्या जागी पोचू देत नाही. गॅल्व्हनाइज्ड स्पोक कोकणात गंजतात. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल खाऱ्या दमट हवेत स्पोकला धरून बसतात आणि चावी लावली की गोल होतात.

सडाकातळ:

मग ठरलं. नोवाटेकचे हब, २५ मिमीच्या डबल वॉल रिम जाड व्हॉल्व्हच्या भोकाच्या, ३२ स्पोक, पितळी निपल. उरलेल्या पैशांत कॅसेट आणि चेन. मधली आळी, तुम्ही विणून द्याल का? सगळं सामान आजच मागवतो.

मधली आळी:

देईन की. पण आज फक्त हब आणि रिम मागवा, स्पोक नको. स्पोकची लांबी हबच्या कडेचा व्यास, रिमचा आतला व्यास आणि तीन क्रॉसची वीण (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो ती) यावरून निघते आणि कंपनीने छापलेल्या मापावर मी भरवसा ठेवत नाही. रिम हातात आली की समोरासमोरच्या भोकांत दोन तुकडे निपलसकट लावून मी स्वतः मोजतो. दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी अख्खा संच वाया जातो.

विणून झाल्यावर मागे उजवीकडे ११० ते १२० किलोपर्यंत ताण देईन, रिमवर त्याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर तेवढाच. नंतर स्पोकांच्या समांतर जोड्या हाताने आवळून वळणाची जागा बसवून घेईन. सांगलीला स्वतः न्यायला या, कारण शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आणावं लागेल, तो हात फिरवल्याशिवाय मी चाक पूर्ण झालं म्हणत नाही. जुन्या चाकाचे तुटलेले स्पोक टाकले नसतील तर तेही आणा, वळणाची जागा भिंगातून बघायची आहे.