मदत हवी आहे: पणजीजवळ व्हीलचेअर बाथरूमपर्यंत जाईल अशी चांगल्या हॉटेलातली रूम

नमस्कार मंडळी, जानेवारीत पर्वरीला घरचं लग्न आहे, पुण्याहून आत्या नि काका येतायत. आत्या व्हीलचेअरवर असते, आधार दिला तर दोन पावलं टाकते. फोर-फाइव्ह स्टार चालेल, पैशांपेक्षा तिची सोय महत्त्वाची.

बुकिंग साइटवर व्हीलचेअरचा फिल्टर लावून बघितलं, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ गेटवर रॅम्प नि लिफ्ट एवढाच निघतो. फोन केला की सगळं आहे म्हणतात, बाथरूमचा फोटो मागितला की उत्तरच नाही. एका हॉटेलात मी स्वतः जाऊन टेप लावली, रूमचा दरवाजा 90 सेंमी, मस्त, पण बाथरूमचा 60, वर शॉवरला चार इंचांचा उंबरा. आत्याची खुर्चीच 64 सेंमी रुंद, मग आत जाणार कशी?

बाथरूमचा दरवाजा किमान 80 हवा, शॉवरला उंबरा नको, कमोडजवळ भिंतीत पक्के दांडे हवेत, आणि बेड बेताच्या उंचीचा, कारण हल्ली गाद्या इतक्या जाड घालतात की खुर्चीवरून सरकून जाताच येत नाही. जुन्या घरांची हेरिटेज हॉटेलं सुचवू नका प्लीज, तिथे बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्यांपासूनच सुरुवात. मिरामार, दोनापावला, कांदोळीपर्यंत चालेल, विमान मोपाला उतरतंय.

अशा रूममध्ये कोणी स्वतः राहिलंय किंवा घरच्यांना ठेवलंय का? आणि तीच रूम मिळेल हे हॉटेलकडून आधी लेखी कसं घेतलंत?